चौथ्या फेरीतली ढाक

रविवारी संध्याकाळी सव्वासातच्या सुमारास, चौथ्या आणि शेवटच्या फेरीत, पंचांनी मला बाद केलं.

अकोल्याचा तौसिफ शेख माझ्या पायाशी उताणा पडला होता, दोन्ही खांदे जमिनीला टेकलेले. मी त्याला ठोसा मारून पाडलं नव्हतं, उचलून टाकलं होतं. आमच्या गावच्या आखाड्यात या क्षणी हलगी कडाडली असती आणि कुणीतरी मला खांद्यावर घेतलं असतं. पिंपरीच्या त्या सभागृहात आधी शांतता झाली. मग मागून कुणीतरी हसलं आणि त्याच्यापाठोपाठ बरेच जण हसले.

पंचांनी माझ्या छातीवर हात ठेवून मला मागे सारलं. डॉक्टर दोरांमधून वाकून आत आले. तौसिफने डोळे मिटून उजवा खांदा धरला होता. डोळे उघडल्यावर त्याने पहिल्यांदा माझ्याकडेच पाहिलं. त्या नजरेत राग असता तर मला बरं वाटलं असतं.

"काऊन बे," तो म्हणाला, "हे काय होतं?"

माझ्या तोंडात दातांचं रबर होतं. 

कोपऱ्यात वाघचौरे सरांनी मला स्टुलावर बसवलं आणि कात्रीने ग्लोव्हजवरची पट्टी कापायला घेतली. सॅम्युअल वाघचौरे मूळचे नगरचे, फौजेतून निवृत्त झालेले, दोन वर्षांपासून माझे प्रशिक्षक. ते चिडले की आवाज खाली जायचा. त्या दिवशी तो इतका खाली गेला की मला वाकून ऐकावं लागलं.

"मी काय सांगितलं होतं?"

"हात खाली, कोपरं आत, पंचांची वाट बघ."

"मी दुसरं काही ओरडलो?"

"नाही, सर."

"मग कुणाचं ऐकलंस?"

"कुणाचं नाही."

त्यांनी दुसऱ्या हाताची पट्टी कापली.

या गोष्टीला आता चौदा वर्षं झाली. तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो.

माझे वडील हिंदुराव थोरात. कृष्णाकाठच्या आमच्या गावात त्यांना कुणी नावाने हाक मारत नाही. ते वस्ताद. तालमीतली पोरं त्यांना वस्ताद म्हणतात, सरपंच म्हणतात, पोस्टमन म्हणतो. मी घरात आबा म्हणायचो आणि तालमीचा उंबरा ओलांडला की वस्ताद. हा त्यांचाच नियम. लहानपणी एकदा तालमीतल्या मातीच्या हौदात पडल्या पडल्या मी "आबा, लागलं" म्हणून ओरडलो, तर ते इकडेतिकडे बघत म्हणाले, "हितं कुणाचा आबा आलाय?"

वस्ताद हौदाच्या कडेला उभे राहून डावाचं नाव पुकारायचे. पट काढ, टांग मार, ढाक लाव, म्हणजे मानेला हात घालून कंबरेवरून फेक. नाव ऐकलं की विचार करायचा नाही. विचार करणाऱ्याला ते पुन्हा जोर मारायला पाठवायचे. गावोगावच्या मैदानांत हलगी वाजत असते, लोक ओरडत असतात, समोरच्याचा वस्तादही ओरडत असतो. त्यात आपला एकच आवाज वेचून घ्यायचा आणि शरीर त्याच्या स्वाधीन करायचं, हेच आमचं शिक्षण. सातव्या वर्षापासून मी ते घेतलं. मी मध्यम पैलवान होतो. आबांच्या मनातला मी बराच मोठा पैलवान होतो.

बॉक्सिंग मी पहिल्यांदा पाहिलं ते पुण्यात कामाला लागल्यावर. भोसरीच्या एका कंपनीत मला स्टोअरमध्ये काम मिळालं होतं. खोलीवरचा एक जण खडकीत एक स्पर्धा बघायला घेऊन गेला. एक काटकुळा मुलगा आपल्यापेक्षा वीतभर उंच असलेल्या माणसासमोर उभा होता आणि त्या माणसाला तो सापडतच नव्हता. ठोसा यायचा तेव्हा मुलगा तिथून हललेला असायचा, फार नाही, चार बोटं.

कुस्तीत समोरच्याला धरल्याशिवाय काही सुरूच होत नाही. त्याचा घाम आपल्या डोळ्यांत जातो, त्याचा श्वास आपल्या कानात असतो. इथे दोघांच्या मध्ये हातभर मोकळी जागा होती आणि सगळा खेळ त्या जागेसाठी होता. मला ती जागा हवीशी वाटली. का, ते तेव्हा सांगता आलं नसतं. दुसऱ्या दिवशी कंपनी सुटल्यावर मी एकटाच परत खडकीला गेलो.

वाघचौरे सरांची जिम एका बंद पडलेल्या बेकरीच्या शेडमध्ये होती. भिंतींना अजून खारीचा वास यायचा. सरांनी मला वय विचारलं.

"बावीस पूर्ण."

"बावीस? पोरं इथं अकराव्या वर्षी येतात रे. बावीसला लग्न करायचं असतं."

"मला व्यावसायिक व्हायचंय, सर."

शेडमधली पोरं हसली. सरांनी माझे कान बघितले, कुस्तीत चुरगळलेले.

"पैलवान आहेस ना? मग तुला शिकवण्याआधी बरंच विसरायला लावावं लागेल. तेवढा वेळ आहे का?"

"आहे."

वेळ लागला. माझे पाय जमीन धरून उभे राहायचे, ते हलके करायला चार महिने गेले. त्याहून अवघड होते हात. समोरचा जवळ आला की माझी बोटं आपोआप उघडायची, मान शोधायची, मनगट शोधायची. सरांनी चिंध्यांच्या घट्ट गोळ्या बांधल्या आणि दोन्ही मुठींत एकेक दिली. आरशासमोर सराव करताना गोळी पडली की दोरीवरच्या उड्या पहिल्यापासून. मी कंपनीत माल मोजतानाही गोळ्या मुठीत ठेवायला लागलो.

लढतीत दोघे थकले की एकमेकांना बिलगतात. पंच येऊन सोडवेपर्यंत तेवढीच विश्रांती. जिममधली पोरं त्याला लग्न म्हणायची. दोघे बिलगले की शेडमधून आरोळी यायची, "लागलं रे लागलं! अक्षता टाका!" माझी पाळी असली की पुढे, "पैलवान, नवरी उचलू नको!" मी खरंच दोनदा उचलली होती. दुसऱ्यांदा सरांनी मला आठवडाभर रिंगमध्ये येऊ दिलं नाही.

नंतर त्यांनी वेगळंच सुरू केलं. सराव चालू असताना रेडिओ मोठ्याने लावायचा, पोरांना चारी बाजूंनी ओरडायला सांगायचं. मार, पकड, खाली बस, मागे बघ, वाट्टेल ते. त्या गोंगाटात फक्त सरांचा आवाज ऐकायचा. ते म्हणायचे, "हॉलमध्ये हजार लोक तुझे गुरू होतील. तुझा कोपरा एकच." बाकीच्या पोरांना हे जमायला महिने लागले, मला पहिल्याच दिवशी जमलं. सर खूश झाले. हे मी कुठे शिकलो, ते त्यांनी विचारलं नाही.

आबांना सांगितलं ते पहिल्या दिवाळीत. ते हौदाच्या कडेला बसून फावड्याने माती सारखी करत होते.

"आबा, मी कुस्ती सोडतोय."

त्यांनी वर पाहिलं नाही. माझ्या लक्षात आलं.

"वस्ताद, मी कुस्ती सोडतोय."

"गुडघा दुखतोय?"

"नाही. बॉक्सिंग शिकतोय. पुण्यात."

"गुद्दागुद्दी."

"त्याचंही शास्त्र असतं."

"असंल की. पर पैलवानाचा हात उघडा असतोय. मूठ आवळली त्याला आपुन मैदानातनं भायेर काढतो. त्या पवाराच्या पोराला मीच काढला न्हवं?"

"तिथे उलटं असतं. हात उघडला की चूक."

यावर त्यांना हसू आलं असावं, पण ते दाबलं.

"पोलिसात घेत्यात का त्यावर?"

"नोकरीसाठी नाही करत. मला व्यावसायिक व्हायचंय."

"म्हंजी?"

"म्हणजे तेच करायचं. दुसरं काही करायचं नाही."

त्यांनी फावडं बाजूला ठेवलं. "मग म्या काय येगळं केलं?" ते म्हणाले.

बाहेर पोरं लवंगी फटाके लावत होती.

"जा," ते म्हणाले. "पर आता हौदात उतरू नगंस. अर्धा पैलवान मला मातीत चालत न्हाई."

त्यानंतर वर्षभर मी गावी गेलो तरी तालमीकडे गेलो नाही. आबा घरात माझ्याशी सगळं बोलायचे, म्हशीबद्दल, शेजाऱ्याच्या बांधाबद्दल, माझ्या थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या, नवऱ्याच्या बदलीबद्दल. माझ्या कामाबद्दल विचारायचे, म्हणजे कंपनीतल्या. एकदा माझ्या भुवईला टाका होता. त्यांनी तो बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "डाव्या हातावाला हुता."

तो खरंच डावखुरा होता. तेवढ्या एका वाक्यावर मी पुण्याला परत येईपर्यंत खूश होतो.

व्यावसायिक लढती आपल्याकडे तेव्हा नुकत्या कुठे सुरू होत होत्या. मुंबईचे कर्णिक म्हणून एक आयोजक जिममध्ये आले, दोन संध्याकाळी बसून राहिले आणि त्यांनी माझं नाव घेतलं. पिंपरीला लढती ठेवायच्या होत्या. माझ्या वजनात जो जिंकेल त्याला मनिलाला न्यायचं, सहा महिने तिथल्या मुलांबरोबर तयारी आणि नंतर करार. चार फेऱ्या, डोक्याला टोप नाही, अंगात बनियन नाही.

"पोराचं वय जास्त आहे," कर्णिक सरांना म्हणाले. मी शेजारीच उभा होतो. "हा एकच चान्स. पुन्हा याला कोणी बघायला येणार नाही."

"एक पुरेल," सर म्हणाले.

मनिला कुठे आहे ते मी कंपनीच्या कॅन्टीनमधल्या जुन्या नकाशावर पाहून ठेवलं. निळ्या रंगात सांडलेल्या तुकड्यांचा देश. जेवताना मी त्याच्या समोरच्याच बाकावर बसायला लागलो.

लढतीच्या आठवड्यात अक्काचा फोन आला. ती लग्नानंतरही गावातच असते, घराच्या पाठच्या गल्लीत.

"जालू, आबा तारीख विचारत होते."

"कशाची?"

"तुझ्या मारामारीची."

"कशाला?"

"मी काय त्यांना कशाला म्हणून विचारू? सांगितली. जागा पण सांगितली."

"येणार आहेत का?"

"ते कसले येतात! म्हशीची धार कोण काढणार? माझ्या हातानं ती देत नाही."

मी म्हटलं बरं. पण रविवारी कपडे बदलायच्या खोलीतून रिंगकडे जाताना मी प्रत्येक रांग पाहिली. आबांचा फेटा गर्दीत लपत नाही. गुलाबी, तुरा वर काढलेला. गावाबाहेर पडताना मी त्यांना कधीही उघड्या डोक्याने पाहिलं नव्हतं. सभागृहात टोप्या होत्या, एकदोन हॅट होत्या, फेटा नव्हता.

"काय शोधतोस?" सर म्हणाले.

"काही नाही."

"मग समोर बघ. अकोला समोर आहे."

तौसिफ चांगला मुलगा होता. वजनाच्या वेळी तो माझ्याशी हात मिळवून म्हणाला होता, "पैलवान हाय म्हने तू. पाहून राह्यजो, मले घरी माय वाट पाहते." सगळे हसले, मीही. तो लहानपणापासून रिंगमध्ये होता. माझ्याहून वेगवान होता, पण फार लवकर पुढे यायचा.

पहिली फेरी मला बरोबरीची वाटली. दुसऱ्या फेरीत माझा डावा हात त्याला सापडायला लागला. तो पुढे यायचा आणि माझी डावी मूठ आधीच तिथे असायची. ती हातभर मोकळी जागा माझी होती, तो आत यायला बघत होता आणि मी त्याला दारातूनच परत पाठवत होतो. तिसऱ्या फेरीत त्याच्या उजव्या डोळ्याखाली सूज आली. एका क्षणी त्याचा ठोसा माझ्या हनुवटीसमोरून गेला, मी चार बोटं मागे होतो, आणि मला खडकीतला तो काटकुळा मुलगा आठवला. मी तो मुलगा झालो होतो. असं पुन्हा कधी वाटलं नाही.

विश्रांतीत सरांनी मानेवर बर्फ ठेवला.

"तिन्ही तुझ्या. ऐकतोयस? तिन्ही. आता तो बिलगायला येईल, दुसरं काही त्याच्या हातात नाही. बिलगला तर?"

"हात खाली, कोपरं आत, पंचांची वाट बघ."

"जा. मनिला."

हा शब्द त्यांनी त्याआधी एकदाही उच्चारला नव्हता.

तौसिफ आला तसाच आला. पहिल्यांदा बिलगला, पंचांनी सोडवलं. दुसऱ्यांदा बिलगला, पंचांनी सोडवलं. दोन्ही वेळा मी कोपरं आत घेऊन खांबासारखा उभा होतो आणि सरांचा आवाज येत होता, "शाब्बास, तसाच, तसाच." तिसऱ्यांदा आम्ही दोरांजवळ होतो. त्याने डोकं माझ्या उजव्या खांद्यावर टाकलं आणि सगळं वजन माझ्यावर सोडलं. तो संपला होता. त्याचा श्वास कानात येत होता, उजवा पाय पुढे आला होता आणि मान माझ्या काखेजवळ होती. लोक ओरडत होते. पंच दुसऱ्या बाजूने येत होते, दोन पावलांवर होते.

"ढाक, जालू!"

आवाज मोठा नव्हता. आबांना कधी मोठ्याने ओरडावं लागलंच नाही.

माझा उजवा हात तौसिफच्या मानेभोवती गेला. कंबर आत गेली. तो माझ्या पाठीवरून फिरला आणि जमिनीवर पडला. मुठी आवळलेल्याच होत्या, त्यासाठी बोटं लागली नाहीत. यातलं काहीही मी केलं असं मला तेव्हा वाटलं नाही, आजही वाटत नाही. माझ्या तोंडून रबरातून "जी, वस्ताद" निघालं. ते फक्त मला ऐकू आलं.

मी वर पाहिलं. डाव्या बाजूला, जिन्याजवळच्या खुर्च्यांमध्ये, एक उघड्या डोक्याचा म्हातारा उभा होता. विरळ पांढरे केस, धुतलेला सदरा. त्याचे दोन्ही हात हवेत होते. पैलवानाने कुस्ती मारली की वस्ताद करतो तसे. तो आनंदाने हसत होता. माझ्या बाबतीत ते हसू मी बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं. फेटा नसल्यामुळे ते माझे वडील आहेत हे कळायला मला थोडा वेळ लागला.

मग लोक हसले. आबांनी इकडेतिकडे पाहिलं. पंच माझ्याकडे बोट दाखवून टेबलावरच्यांशी बोलत होते. डॉक्टर आत येत होते. आबांचे हात हळूहळू खाली आले, आधी डावा, मग उजवा.

ते मला फाटकाबाहेर चहाच्या गाडीपाशी भेटले. हातात कापडी पिशवी होती. पिशवीच्या तोंडाशी गुलाबी फेटा दिसत होता.

"कधी आलात?"

"दुपारी."

"सांगायचं तरी."

"तुला वळखू येऊ नये म्हनून तर..." त्यांनी डोक्यावरून हात फिरवला. "म्हटलं, पोराचं ध्यान नगं मोडाय."

चहावाल्याने दोन पेले पुढे केले. आबांनी त्यांचा बशीत ओतला, पण प्यायले नाहीत.

"निर्मळ पडला," ते म्हणाले. "दोन्ही खांदं."

"आबा, मी हरलो."

"व्हय. त्यो टायवाला पंच म्हनला तसं."

"इथे पकडून टाकलं की बाद करतात."

ते बशीकडे बघत राहिले. मला एकच प्रश्न विचारायचा होता, हे त्यांना आधी माहीत होतं का. वाक्य जुळवून तयार होतं. पण त्यांनी माझा उजवा हात धरला. मूठ अजून आवळलेलीच होती, सोडायचं मला सुचलं नव्हतं. त्यांनी एकेक बोट सरळ करून तळवा उघडला, पट्टीचे वळ पाहिले, अंगठ्याखालचा मांसल भाग दाबून पाहिला.

"सुजलाय. हळद लाव."

"लावतो."

"येतोस घरी? स्वारगेटास्नं गाडी हाय आत्ता."

"नाही, आबा. उद्या कामावर जायचंय."

"बरं."

त्यांनी गाडीच्या आडोशाला उभं राहून फेटा बांधला. आरसा नव्हता, त्यांना लागतही नाही. मग ते रिक्षांच्या रांगेकडे चालत गेले. मी हाक मारली असती तर ते थांबले असते.

पुढच्या मंगळवारी मी जिममध्ये गेलो. पोरांपैकी कुणी अक्षता म्हणालं नाही. सरांनी मला बाजूला घेतलं.

"जिन्याजवळ हात वर केलेला म्हातारा कोण होता?"

"वडील."

"वस्ताद आहेत?"

"हो."

सर पट्ट्यांची गुंडाळी करत होते. "तुला दोन कोपरे आहेत हे मला आधी सांगायला हवं होतंस," ते म्हणाले. त्यात दोष देण्याचा सूर नव्हता. औषध लागू का पडलं नाही ते उशिरा कळलेल्या डॉक्टरसारखे ते बोलले.

कर्णिकांचा फोन आला नाही. तौसिफचा खांदा बरा व्हायला महिना लागला, मग तो मनिलाला गेला. पुढे तो बऱ्याच लढती लढला, त्यातल्या बऱ्याच जिंकला. आता अकोल्यात मुलांना शिकवतो. ईदला फोन करतो. "काय पैलवान, एवढ्यात कोनाले फेकलं का?" एवढं विचारून हसतो.

मी आणखी काही महिने जात राहिलो. हात चालत होते, पाय हलके होते. पण समोरचा बिलगला की मी कोपरं आत घ्यायचो, पंचांची वाट बघायचो आणि माझा कान शेडच्या दाराकडे लागलेला असायचा. तिथून कुणी येणार नव्हतं. सरांना ते दिसलं. एका संध्याकाळी त्यांनी घंटा मध्येच वाजवली आणि माझे ग्लोव्हज सोडले. "जवळ कुणी आलं की तू इथे नसतोस," ते म्हणाले. "असा मार खाशील." मी दुसऱ्या दिवशी गेलो नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशी जावंसं फार वाटलं, तरी गेलो नाही.

अजून कधी कधी कंपनीत दोन रॅकच्या मधून चालताना समोरून कुणी घाईने येतं आणि मी चार बोटं बाजूला होतो. तो निघून जातो. त्याला काही कळत नाही. मला त्या दिवशी जेवण जात नाही.

त्या रविवारबद्दल एक गोष्ट अक्काने मला बऱ्याच उशिरा सांगितली, तिच्या मुलीच्या बारशाला. पिंपरीला निघायच्या आदल्या दिवशी आबांनी तालमीच्या हौदातली सगळी माती उकरायला लावली होती. चाळून घेतली. तेल, ताक, हळद, लिंबं घालून पोरांकडून मळून घेतली. हे ते हंगामाच्या सुरुवातीला करतात, आणि हंगाम लांब होता. पोरांनी विचारलं तर म्हणाले, "जालू यायलाय."

"म्हणजे त्यांना ठाऊक होतं?" मी विचारलं.

"काय ठाऊक?"

"मी हरणार ते."

अक्का बाळाला मांडीवर थोपटत होती. "जिंकून पण माणूस घरी येतोच की," ती म्हणाली. "तू आला नाहीस तो नाहीस. ती माती तशीच वाळली. त्यांनी तिच्यात कुणाला उतरू दिलं नाही."

मी बारशाच्या पंगतीत आबांच्या शेजारीच बसलो होतो. त्यांनी माझ्या पानात स्वतःच्या पानातली जिलेबी टाकली. मी विचारलं नाही. 

आता त्यांनी पंचाहत्तरी ओलांडलीय. तालीम पुतण्या बघतो. गुडघ्यांमुळे आबांचा दिवस बहुतेक घरातच जातो. गेल्या वर्षी अक्काने त्यांना टीव्ही घेऊन दिला. तिला वाटलं होतं ते कुस्त्या बघतील, पण ते बॉक्सिंग बघतात. आवाज पूर्ण बंद ठेवून. कुठल्याही देशातलं असो, दुपारी असो, सकाळी असो. खुर्ची पुढे ओढून बसतात आणि कुणी मध्ये आलं तर चिडतात.

हे मला गेल्या आठवड्यात फोनवर कळलं.

"एक विचारू का तुला?" अक्का म्हणाली. "ते दोघं एकमेकांना बिलगतात ना, त्याला काय म्हणतात?"

"आम्ही लग्न म्हणायचो."

"चेष्टा नको रे. ते झालं की आबा उठतात. गुडघ्यावर हात देऊन, कसेबसे. आणि परसात जाऊन उभे राहतात. पंचानं सोडवलं की परत येऊन बसतात. आवाज तर बंद असतो, मग यांना तिकडे कसं कळतं, सोडवलं म्हणून?"

"अंदाज असेल. तेवढाच वेळ लागतो."

"दर वेळी? का जातात पण?"

"विचार की त्यांना."

"तू विचार."

तिच्या घरात कुठेतरी कुकरची शिट्टी झाली.

"रविवारी तर," ती म्हणाली, "ते उठून गेले ते आत आलेच नाहीत. ती लढत संपली, दुसरी लागली. मी बाहेर जाऊन पाहिलं. म्हशीच्या दावणीला धरून उभे होते. म्हटलं, आबा, सोडवलं त्यांना कधीच. तर म्हणाले, तू जा आत."

"मग?"

"मग मी आत आले. टीव्ही चालूच होता."